गळपट्टा की लेंडी-तपासणी?
माण, आटपाडी किंवा जतच्या माळावर चरणाऱ्या मेंढ्यांच्या प्रकृतीवर, त्यांना सुई न टोचता, लक्ष ठेवायचे झाल्यास सेन्सर बसवलेला गळपट्टा आणि लेंड्यांची सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी असे दोन मार्ग आहेत. गळपट्टा मानेच्या हालचालींवरून चरणे, रवंथ आणि विश्रांती यांचा वेळ नोंदवतो. उदाहरणार्थ, निरोगी गाय दिवसाकाठी साधारण ७ ते ८ तास रवंथ करते आणि हा वेळ घसरला की आजाराची शंका लवकर घेता येते, कारण मात्र कळत नाही. लेंडी-तपासणीतून प्रति ग्रॅम जंतांची अंडी किती हे समजते, त्यामुळे औषध पाजण्याची खरोखर गरज आहे का, हे ठरवता येते. तथापि, रक्त शोषणाऱ्या हिमोंकस जंताची अंडी संसर्गानंतर सुमारे ३ आठवड्यांनीच दिसू लागत असल्याने कोवळ्या जंतांचा उपद्रव तिच्यातून निसटतो. चराईबद्दल ती काहीच सांगत नाही. गोठ्यातील संकरित गाईंना पट्टा परवडेल. फिरत्या कळपासाठी चार्जिंग आणि रेंज आणायची कोठून? (शिवाय चराईवर धनगराची नजर असतेच.) अशा कळपासाठी लेंडी-तपासणीच मला अधिक व्यवहार्य वाटते; फक्त नमुना ताजा घ्यावा आणि थंड ठेवून दवाखान्यात पोचवावा, कारण उष्म्यात अंडी उबून मोजणी चुकते.