'बेसबॉल' (1983) : फिल्डर आपोआप पळतो, थ्रो मात्र तुमचा

मे महिन्यात नागपूरच्या बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातून, व्हिडिओ गेमचा डब्बा आणला. डब्बा म्हणायचं एवढंच, प्रत्यक्षात टीव्हीच्या मागे खोचायची बोटभर कांडी, बिनवायरचे दोन रिमोट आणि खोक्यावर ठळक अक्षरांत '620 गेम'. दुकानदाराने साडेअकराशे सांगितले, नऊशेत दिला. मला त्या 620 मधला एकच हवा होता. निन्टेन्डोचा 'बेसबॉल'. तो आहे की नाही हे दुकानातच लावून पाहिलं आणि मगच पैसे दिले. तुम्हीही तसंच करा.

हा गेम जपानमध्ये डिसेंबर 1983 मध्ये आला. ज्या वर्षी कपिलच्या संघाने लॉर्ड्सवर कप उचलला तेच वर्ष. आमच्या महाल भागातल्या घरात तो पोचला नव्वदच्या दशकात, पिवळ्या कॅसेटमध्ये, बाकीच्या पन्नास गेमच्या गर्दीत. मारिओ आणि कॉन्ट्रा सगळेच खेळायचे. मी आणि दादा बेसबॉलवर अडकलो, कारण तो दोघांना एकमेकांविरुद्ध खेळता यायचा. संघ निवडायला सहा इंग्रजी अक्षरं यायची : जी, टी, डी, सी, डब्ल्यू, एस. ती जपानच्या सेंट्रल लीगमधल्या संघांची आद्याक्षरं आहेत हे मला फार उशिरा कळलं. आमच्यासाठी जी म्हणजे गांधीबाग, टी म्हणजे टेकडी, डी धंतोली, सी सिव्हिल लाइन्स, डब्ल्यू वाडी आणि एस सदर. दादा कायम गांधीबाग घ्यायचा. मी धंतोली. संघांमध्ये कपड्यांच्या रंगाशिवाय काहीही फरक नाही, ना कुणी ताकदीचा, ना कुणी कच्चा. तरी आम्ही टीम बदलली नाही.

आता मी शाळेत खेळ शिकवते, मुलींचा सॉफ्टबॉलचा संघ माझ्याकडे आहे. या गेमकडे मी दोन्ही डोळ्यांनी पाहते, दादाच्या बहिणीच्या आणि प्रशिक्षकाच्या.

गेमची ओळख थोडक्यात. नऊ इनिंग. एकट्याने संगणकाविरुद्ध किंवा दोघांनी. खेळाडूंना नावं नाहीत, स्पर्धा नाही, मागच्या मॅचची नोंद राहत नाही. बॅटिंगला 'ए' दाबलं की बॅट फिरते, आणि दिशेच्या बटणांनी बॅट्समन आपल्या चौकटीत थोडा पुढे-मागे, आत-बाहेर सरकवता येतो. ही सरकवण्याची सोय नवखे लोक वापरतच नाहीत. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, बाहेर वळवत असेल तर अर्धं पाऊल प्लेटच्या (बॅट्समनशेजारच्या जमिनीवरच्या पाटीच्या) बाजूला सरका, तोच चेंडू बॅटच्या मध्यावर येतो.

या गेमबद्दलची सगळ्यात जुनी तक्रार फिल्डिंगची आहे, आणि ती खरी आहे. फिल्डर तुमच्या हातात नाहीत. चेंडू मारला गेला की ते स्वतःच त्याच्याकडे निघतात, आणि निघतात ते रमतगमत. आउटफिल्डरला, म्हणजे लांब उभ्या फिल्डरला, चेंडूपर्यंत पोचायला इतका वेळ लागतो की समोरचा दोन बेस (धावताना क्रमाने गाठायचे थांबे) आरामात घेतो. कधी उंच गेलेला चेंडू अगदी हाताशी पडतो आणि फिल्डर एक पाऊल मागेच राहतो. माझा भाचा आठवीत आहे. पहिल्याच संध्याकाळी त्याने रिमोट गादीवर टाकला.

"आत्या, हा माणूस माझं ऐकूनच नाही राहिला!"

त्याचं म्हणणं चूक नाही. आजच्या गेममध्ये खेळाडूची मान कुठे वळावी हेही मुलं ठरवतात. इथे चेंडू जमिनीवरून घरंगळत जातो आणि आपण नुसतं पाहत बसायचं. पण तीस वर्षांपूर्वी मीही याच जागी रडले होते, आणि तेव्हा दादाने जे सांगितलं तेच मी भाच्याला सांगितलं. तो पळून राहिला तोवर तू विचार कर.

कारण चेंडू हातात आल्यावर पुढचं सगळं तुमचं असतं. 'ए' आणि दिशा : उजवीकडे पहिला बेस, वर दुसरा, डावीकडे तिसरा, खाली होम प्लेट. या चार जागांचा चौकोन, ज्याला हिरा म्हणतात, पडद्यावर जसा दिसतो तशाच दिशा, त्यामुळे लक्षात ठेवायला काही लागत नाही. फिल्डर संथ आहे म्हणूनच तुम्हाला एक-दोन सेकंद मिळतात, आणि त्या वेळात ठरवायचं असतं : कोण पळतोय, त्याला पळणं भाग आहे का, कुठला आउट आधी मिळेल. मैदानावर मुलींना नेमकं हेच जमत नाही. चेंडू हातात येतो आणि मग त्या विचार करायला लागतात.

एक उदाहरण नीट सांगते, कारण मला या गेमची सगळी किंमत त्यातच वाटते. पहिल्या बेसवर एक रनर आहे. चेंडू जमिनीवरून शॉर्टस्टॉपकडे, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या फिल्डरकडे, चाललाय. क्रिकेट पाहून वाढलेल्या कोणत्याही नागपूरकराचा अंगठा उजवीकडे जातो, कारण बॅट्समन तिकडे धावतोय आणि त्याला धावबाद करायचं असं डोक्यात असतं. एक आउट मिळतो. पण पहिल्यावरच्या रनरला मागून बॅट्समन येत असल्यामुळे जागा सोडावीच लागते. त्याला हात लावायची गरज नाही, तो पोचायच्या आत दुसऱ्या बेसवर चेंडू पोचला की तो बाद. म्हणून आधी वर, आणि चेंडू दुसऱ्या बेसवरच्या माणसाच्या हातात आला रे आला की उजवीकडे. दोन आउट. स्कोअरबुकात प्रत्येक जागेला ठरलेला क्रमांक असतो, त्यानुसार आम्ही हे 6-4-3 असं लिहितो, शॉर्टस्टॉप, सेकंड बेस, फर्स्ट बेस. टक, टक. घाईत दोन्ही दिशा एकत्र दाबल्या तर काही खरं नाही. पहिला थ्रो पोचेपर्यंत अंगठा उचलून ठेवायचा, ही शिस्त लागते.

उन्हाळी शिबिरात मी ती कांडी शाळेत नेली. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, सकाळी आठनंतर मैदानावर मुलींना उभं करता येत नाही. हॉलमधल्या टीव्हीवर गेम लावला आणि दर वेळी थ्रोच्या आधी सगळ्यांना मोठ्याने विचारलं, "कुठे?" तिसऱ्या दिवशी "वर!" असा एका आवाजात गलका झाला. फळ्यावर बाण काढून मी जे दोन वर्षं समजावत होते ते त्यांना असं समजलं.

पिचिंग त्याहून मजेचं आहे. खालची दिशा वेगवान चेंडू, वरची संथ, डावी-उजवी वळणारे. संगणकाला दोन वेगवान आणि तिसरा एकदम संथ टाकायचा. तो बॅट आधीच फिरवून मोकळा होतो. माझ्याकडे तरी हा डाव बहुतेक वेळा साधतो. माणसाविरुद्ध गोष्ट वेगळी, कारण माणूस शेजारीच बसलेला असतो. लहानपणी मी काहीही टाकलं तरी दादा मारायचा. मला वाटायचं त्याला चेंडू दिसतो. एक दिवस आईने स्वयंपाकघरातून सांगितलं, "तो टीव्हीकडे कुठे पाहतो, तुझ्या हाताकडे पाहून राहिला." अंगठा खाली गेला की त्याला कळायचं वेगवान येतोय. दुसऱ्या दिवशी मी ओढणी मांडीवर पसरली आणि रिमोट तिच्याखाली धरून खेळले. पहिल्या इनिंगमध्ये तिन्ही आउट स्ट्राइकवर, म्हणजे चेंडू मारता न आल्यामुळे. त्या सुट्टीत आमच्या घरात नियमच झाला की पिचरला हात झाकायची मुभा आहे. आज बिनवायरचे रिमोट आहेत, पाठीमागे धरूनही टाकता येतं, पण मी अजून ओढणीच घेते.

आता माझ्या मनाला लागलेली गोष्ट. कांडी आणली त्या रात्री मी एकही चेंडू मारू शकले नाही. प्रत्येक वेळी बॅट उशिरा. मला खरंच वाईट वाटलं, वाटलं हात गेला. आठवडाभराने कारण उमगलं. आपल्याकडच्या जुन्या टीव्हीवर चित्र सेकंदाला 50 वेळा बदलायचं आणि आपल्याकडे विकले जाणारे डब्बे त्यालाच जुळवलेले असायचे. मूळ जपानी यंत्र मात्र 60 वर चालतं. हा गेम वेळ मोजत नाही, चित्रं मोजतो. एखाद्या पिचला प्लेटपर्यंत यायला 30 चित्रं लागत असतील तर जपानमध्ये ती अर्ध्या सेकंदात यायची आणि आमच्या महालात 0.6 सेकंदात. सगळं बालपण आम्ही जरा संथ बेसबॉल खेळलो. नवी कांडी 60 वर चालते. त्यात आजचे सपाट टीव्ही चित्र सजवून दाखवण्यात आणखी वेळ खातात, जो जुन्या काचेच्या टीव्हीला लागत नसे. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' असेल तर तो चालू करा, फरक लगेच कळतो. उरलेल्या फरकासाठी सराव हाच उपाय. मला दहा दिवस लागले.

दोषांपैकी एक दोष खरं म्हणजे गेमचा नाही, यंत्राचा आहे. पहिल्या बेसच्या ओळीत रनर, बेसमन, फिल्डर असे चारांहून जास्त जण आले की कुणाचं तरी डोकं नाहीतर पाय लुकलुकतात. ते यंत्र पडद्यावरच्या एका आडव्या रेषेत आठच हलते तुकडे दाखवू शकतं, प्रत्येक तुकडा आठ ठिपके रुंद. एक खेळाडू दोन तुकड्यांचा धरला तरी चार जणांत जागा संपते. भाच्याला वाटलं कांडी खराब निघाली. तसं नाही, अस्सल जपानी यंत्रावरही हेच दिसेल. या कारणासाठी वस्तू परत करायला जाऊ नका.

जुना डब्बा आठवला की एक आणखी बिघाड आठवतो, जो आता नाही. दुपारी कुलर सुरू केला की दिवा क्षणभर मंद व्हायचा आणि गेम जागच्या जागी गोठायचा, चेंडू हवेत तसाच. कॅसेट काढून तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरवायचं आणि पुन्हा पहिल्या इनिंगपासून. दादा हरत असला की त्याला नेमकं तेव्हाच गरम व्हायचं. कांडी टीव्हीच्याच यूएसबीवर चालते, कुलरशी तिचा संबंध उरला नाही.

शिकवण्यासाठी वापरणाऱ्यांना दोन सूचना. हा बेसबॉल आहे, सॉफ्टबॉल नाही. सॉफ्टबॉल सात इनिंगचा, आणि दोन बेसमधलं अंतर 60 फूट, बेसबॉलमध्ये ते 90. त्यामुळे गेममध्ये जो रनर थोडक्यात बाद होतो तो आमच्या मैदानावर बहुधा पोचतो. मुलींना हे आधीच सांगा. आणि फिल्डरची हालचाल या गेमवरून अजिबात शिकवू नका. चेंडू आपल्याकडे येईपर्यंत थांबायची सवय मला पुढे सहा महिने मोडावी लागेल.

आवाजाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. उंच चेंडूची शीळ तेवढी अजून अंगावर काटा आणते.

गेमला माझ्याकडून पाचपैकी चार तारे, एक फिल्डिंगचा कापला. कांडीला अडीच. रिमोटची दिशेची बटणं कडक आहेत, तिरकं दाबलं जातं, आणि दुसऱ्या बेसऐवजी चेंडू पहिल्यावर गेला की ज्याने नीट दाबलंय त्याच्यावर अन्याय होतो. 620 हा आकडाही खरा नाही, तेच गेम वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा भरलेत. माझ्या कांडीत बेसबॉल तीनदा आहे : 47, 212 आणि 388 वर. 212 वरचा उघडू नका, तो दुसऱ्या इनिंगला अडकतो. 388 वर रंग उडालेले आहेत. 47 वरचा नीट चालतो.