मंडळाचा व्हिडिओ टाकायचा कुठे: व्हॉट्सअ‍ॅप, रील की यूट्यूब?

सिडकोतल्या एका मंडळाची पोरं परवा घरी आली. मोबाईलमध्ये ५२ सेकंदांचा व्हिडिओ. रामकुंडाजवळ गोदावरीच्या (आपल्या गंगेच्या) पाण्यात तरंगणारी निर्माल्याची पिशवी, दहा पावलांवर रिकामा निर्माल्य कलश, आणि शेवटी एक आजी म्हणतात, "गंगेला आई म्हणता ना? मग आईच्या पदरात कचरा कसा टाकता?" व्हिडिओ झकास होता. "काका, टाकायचा कुठे? पाच हजार जमलेत आणि विसर्जनाला अठरा दिवस उरलेत."

मी विचारलं, कोणी पाहायला हवाय? "सगळ्यांनी!" इथेच गाडी चुकते. अनंत चतुर्दशीला रामकुंडावर, सोमेश्वरला किंवा टाकळीच्या संगमावर पिशवी घेऊन येणारं नाशिकचं घर, आणि त्या घरात दहा दिवसांचं निर्माल्य बांधून ठेवणारी बाई, हे तुमचे प्रेक्षक. इंदूरच्या कॉलेजकुमाराने व्हिडिओ पाहून बदाम दिला तर गोदावरीला काय त्याचं?

या एका कसोटीवर तिन्ही माध्यमं शेजारी-शेजारी ठेवून पाहू.

व्हॉट्सअ‍ॅप

ती बाई इथे नक्की सापडते. सोसायटीचा ग्रुप, भजनी मंडळाचा, भिशीचा, माहेरच्या भावंडांचा. शिवाय व्हिडिओ येतो तो ओळखीच्या माणसाकडून, म्हणून उघडला जातो. रीलला हे भाग्य नाही, तिथे तुम्ही कायम परकेच.

पण फॉरवर्डला वेसण आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. भारतात २०१८ पासून एका वेळी पाचच चॅट्सना फॉरवर्ड करता येतं. एप्रिल २०२० पासून, साखळीत पाच किंवा जास्त हात फिरून आलेला, दुहेरी बाणाचा संदेश एका वेळी एकाच चॅटला जातो. त्यानंतर असे अतिफिरते संदेश ७० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीनेच सांगितलं होतं. म्हणून "एकदा सोडला की गावभर फिरेल" या भरवशावर राहू नका. त्यापेक्षा वीस ओळखीची माणसं धरा. इंदिरानगरची एक, सातपूरची एक, नाशिकरोडची एक. प्रत्येकाने मूळ फाईल आपल्या ग्रुपवर स्वतःच्या दोन ओळी लिहून टाकायची. ग्रुपमध्ये आता १,०२४ पर्यंत माणसं मावतात, त्यामुळे वीस ग्रुप म्हणजे लहान आकडा नाही.

तोटा मोठा आहे. व्हिडिओ किती जणांनी पाहिला हे कधीच कळत नाही, आणि एकदा गावात गेलेली गोष्ट परत बोलावता येत नाही. नाशिककरांना हे समजवायला गोदापात्रातला दुतोंड्या मारुती पुरेसा आहे. पूर आला की मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं यावरून आपण पुराची मापं काढतो. दर पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की मारुती बुडालेला एक व्हिडिओ माझ्याकडे चार ग्रुपांवरून येतो. निम्म्या वेळा तो २०१९ च्या पुराचा निघतो. व्हिडिओ खराच असतो, फक्त आजचा नसतो.

याची भयंकर बाजूही आपल्या शेजारी घडली आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. ती भटक्या समाजाची, भिक्षा मागायला आलेली माणसं होती. त्या वर्षी देशभर फिरणाऱ्या अफवांतला एक व्हिडिओ मुळात कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी बनवलेला होता. मोटारसायकलवरचे दोघे पोराला उचलून नेतात, मग परत आणून सोडतात आणि "मूल पळवायला एक क्षण पुरतो" अशा अर्थाची पाटी दाखवतात. कोणीतरी ते परत सोडणं आणि ती पाटी कापली. प्रबोधनाचा व्हिडिओ होता, शेपूट कापल्यावर तोच पुरावा म्हणून फिरला.

हे त्या पोरांना मी मुद्दाम सांगितलं, कारण त्यांचाही सगळा अर्थ शेवटी आजींच्या वाक्यात होता. पहिली पंधरा सेकंदं कापून "बघा, अमक्या वस्तीचे लोक काय करतात" असं कोणी लिहिलं तर? व्हॉट्सअ‍ॅपवर जाणाऱ्या व्हिडिओचा कुठलाही तुकडा एकटा फिरला तरी उलटा अर्थ निघू नये. आजी पहिल्या पाच सेकंदांत आल्या पाहिजेत.

आणि तारीख. आमच्या कॉलनीने एका वर्षी मूर्ती संकलनाची जागा आणि वेळ सांगणारा व्हिडिओ केला होता. पुढच्या वर्षी जागा बदलली, व्हिडिओ मात्र जुनाच फिरला. डझनभर कुटुंबं भर पावसात मूर्ती हातात धरून रिकाम्या मैदानात उभी राहिली. खुलासा पाठवला, तो कोणी फॉरवर्ड केला नाही. एमआयटीच्या संशोधकांनी २०१८ मध्ये 'सायन्स'मध्ये छापलेल्या अभ्यासात, ट्विटरवर खऱ्या बातमीला १,५०० माणसांपर्यंत पोचायला खोट्या बातमीच्या सुमारे सहापट वेळ लागल्याचं दिसलं होतं. आमचा खुलासा तर कॉलनीच्या गेटबाहेरही गेला नाही. तेव्हापासून माझा हट्ट असा की साल चित्रातच, मोठ्या अक्षरात, सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिसलं पाहिजे. बारीक अक्षर चालणार नाही, व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ दाबतं आणि मग त्याची मुंगी होते.

इन्स्टाग्राम रील

पोरांचा जीव इथे. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, जुलैत रील्स भारतात सुरू झाल्या आणि ती सगळी जत्रा इकडे सरकली. रीलची खरी ताकद म्हणजे तुम्हाला फॉलो न करणाऱ्यांनाही ती दाखवली जाते. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी सांगितलेल्या खुणा तीन: किती वेळ पाहिली, किती लाईक, आणि किती जणांनी दुसऱ्याला पाठवली. अनोळखी लोकांपर्यंत पोचायचं तर यातलं 'पाठवणं' जास्त वजनदार. म्हणजे बदाम मोजत बसू नका, कोणाला तरी पाठवावीशी वाटेल असं वाक्य रीलमध्ये हवं. आजींचं आहेच.

लोक नेमकं काय पाठवतात? अमेरिकेत जोना बर्जर आणि कॅथरीन मिल्कमन यांनी एका वर्तमानपत्राचे सुमारे सात हजार लेख तपासले होते (अभ्यास २०१२ चा). थक्क करणारे, संताप आणणारे आणि काळजी लावणारे लेख जास्त पाठवले गेले, नुसते उदास करणारे कमी. मेलेल्या माशांवर करुण संगीत लावायचा विचार मी तिथेच हाणून पाडला. संतापही जपून वापरा, तो माणसांवर घसरायला वेळ लागत नाही.

रीलचा खोटेपणा आकड्यात आहे. एकाच माणसाने तीनदा पाहिली तरी तीन व्ह्यूज. दोन लाख व्ह्यूजमधले नाशिकचे किती, हा प्रश्न विचारायचा. अकाउंट प्रोफेशनल केलं तर प्रेक्षक कोणत्या शहरातले ते दिसतं. पैसे लावायचेच तर सगळीकडे बूस्ट करू नका, नाशिक शहर आणि वय ३० च्या वर एवढंच निवडा. पाच हजारांतले दोन हजार इथे आणि शेवटच्या पाच दिवसांत. आधी दाखवलेलं विसर्जनापर्यंत विसरलं जातं.

फुकटात काही हवं असेल तर लोकांना करायला काहीतरी द्या. २०१४ च्या उन्हाळ्यात डोक्यावर बर्फाचं पाणी ओतून पुढच्यांना आव्हान देण्याने एएलएस या मज्जातंतूंच्या आजारासाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या एएलएस असोसिएशनकडे ११.५ कोटी डॉलर जमले. त्याच वर्षी हैदराबादेतून त्याचं देशी रूप निघालं, पाण्याऐवजी गरजूला बादलीभर तांदूळ. नाशिकच्या मंडळांनी भरलेल्या निर्माल्य कलशासोबत फोटो टाकून पुढच्या तीन मंडळांची नावं घ्यावीत. मंडळामंडळांतली चुरस नदीच्या कामी आली तर बिघडलं कुठे?

यूट्यूब

अठरा दिवसांच्या घाईत याचा उपयोग कमी. यूट्यूबवरचे छोटे व्हिडिओ म्हणजे शॉर्ट्स, त्या रीलसारख्याच चालतात, आणि ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट नुसती सुरू झाली तरी व्ह्यू धरला जातो, म्हणून तो आकडा आणखी फुगीर. पण रील आठवड्यात शिळी होते, यूट्यूबवरची गोष्ट शोधणाऱ्याला वर्षांनीही सापडते. सिंहस्थाचं पहिलं अमृत स्नान २ ऑगस्ट २०२७ ला आहे. लाखो परगावची माणसं त्याआधी रामकुंड, पार्किंग, स्नान असं शोधणार. त्यांच्यासाठी चार मिनिटांचा, हिंदी उपशीर्षकांचा स्वतंत्र व्हिडिओ करा, पण तो गणपती झाल्यावर.

फेसबुकवर तोच व्हिडिओ टाकून मोकळं व्हा, काका-मामा मंडळी तिथे आहेत. एक्सवर (पूर्वीचं ट्विटर) लोक कमी, पत्रकार आणि अधिकारी जास्त, त्यामुळे कलश भरून वाहतोय ही तक्रार तिथे करावी.

तर माझा कौल: व्हॉट्सअ‍ॅप पहिलं, नाशिकपुरती रील दुसरी, यूट्यूब दिवाळीनंतर. अंगणवाडीताई किंवा भजनी मंडळाच्या अध्यक्षा यांच्यापैकी दोघी-तिघींनी जरी व्हिडिओ आपणहून पाठवला, तरी मी तो बूस्टपेक्षा वर धरेन. उरलेले तीन हजार भोंग्याच्या रिक्षाला. पोरांनी तोंडं वाकडी केली. पण विसर्जनाच्या संध्याकाळी मोबाईल खिशात आणि मूर्ती डोक्यावर असते, तेव्हा कानावर पडणारी एकच गोष्ट उरते. आजींचा आवाज त्याच भोंग्यावर लावायचा. आजींनी होकार दिलाय, रिक्षावाल्याशी भाव ठरायचाय.