‘2 ते 5 वर्षे’ लिहिलेलं हस्तकलेचं किट: एका आजोबाचं परीक्षण

यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग काढण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे नवी वस्तू हातात आली की आधी ती मोजायची ही माझी जुनी खोड. मुलीनं पोरांसाठी हस्तकलेचं तयार किट मागवलं तेव्हा मी चष्मा पुसला आणि कपाटातून बारीक मापं घ्यायचा व्हर्निअर काढला. ती म्हणाली, “बाबा, खेळणं आहे ते, बेअरिंग नाही.” असू दे.

नात अडीच वर्षांची, नातू साडेचारचा. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘2 ते 5 वर्षे’. पहिला आक्षेप इथेच. अडीच वर्षांच्या हाताला कागद फाडता येतो, पीठ थापता येतं, रेघोट्या ओढता येतात. बंद गोल साधारण तिसऱ्या वर्षी जमू लागतो आणि चौकोन त्याच्याही वर्षभरानंतर. एवढा फरक एका खोक्यात बसवायचा म्हणजे एकाच मापाचा सदरा दोघांना घालण्यासारखं आहे. कुणाच्याच अंगाला तो नीट बसत नाही.

आत सहा पाकिटं निघाली. पहिल्यात सिंह. तोंड आधीच कापलेलं, नाक छापलेलं, आयाळीच्या पट्ट्या एकसारख्या लांबीच्या. मुलांनी करायचं काय, तर मागचा कागद सोलून पट्टी ठरलेल्या जागी चिकटवायची. तो कागद इतका घट्ट की नातवाच्या नखांना सुटेना. शेवटी अठराच्या अठरा पट्ट्या मीच सोलल्या, आणि दोन वाकड्या बसल्या म्हणून परतही लावल्या. सिंह देखणा झाला. नातवानं तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, “आजोबा, हा तर तूच केलास.” बाकीची पाच पाकिटंही याच वळणाची आहेत, त्यांच्याबद्दल वेगळं लिहीत नाही.

आता मापं. हलणारे डोळे 10 मिमी, लोकरीचे गोंडे 18 मिमी. अमेरिकेत तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी एक चाचणी असते. 31.7 मिमी व्यासाची नळी घ्यायची, तिचा तळ तिरका, खोली एका बाजूला 25.4 आणि दुसऱ्या बाजूला 57.1 मिमी. न दाबता जी वस्तू त्यात पूर्ण मावते ती घशात अडकण्याजोगी धरतात. मी जाड कागदाची तशी नळी करून पाहिली. डोळे तर गेलेच, गोंडेही टपाटप आत. गंमत म्हणजे खोक्याच्या तळाशी अगदी बारीक अक्षरांत छापलंय की ‘सुटे भाग आहेत, 3 वर्षांखालील मुलांना देऊ नये’. वर दोन, खाली तीन. माझ्या ड्रॉइंगवर अशी दोन मापं निघाली असती तर साहेबांनी कागद तोंडावर फेकला असता.

चांगलंही सांगतो. खडू उत्तम आहेत. जाड, तीन कडांचे, टेबलावरून गडगडत खाली जात नाहीत आणि नातीनं मुठीत धरून आपटले तरी मोडले नाहीत. तेवढ्यासाठी एक तारा. दुसरा तारा बोथट कात्रीला. नातू तिनं पट्टीच्या कडेला नुसते चिरे देत बसतो. सरळ रेषेत कापणं अजून लांब आहे, पण मूठ उघडायची-मिटायची सवय होते आणि या वयात कात्रीचं काम तेवढंच.

गोंडे आणि डोळे उंच फळीवर गेले आणि त्याच संध्याकाळी मी स्वयंपाकघराकडे वळलो. एक कप मैदा, अर्धा कप मीठ, एक कप पाणी, एक मोठा चमचा तेल. पहिला घाणा थंड पाण्यात नुसता कालवला. हाताला चिकटला, नातीच्या केसांना चिकटला, माझ्या चष्म्याच्या काडीलाही. दुसऱ्या वेळी त्यात चहाचे दोन चमचे क्रीम ऑफ टार्टर (केक-बिस्किटांत घालतात ती आंबट पांढरी पूड) घातलं आणि सगळं मंद आचेवर ढवळत राहिलो. साधारण 60 अंशांच्या पुढे मैद्यातला स्टार्च पाणी शोषून फुगतो, मग चार-पाच मिनिटांत गोळा भांड्याची कड सोडतो. क्रीम ऑफ टार्टरमुळे तो मऊ राहतो, मिठामुळे लवकर खराब होत नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात आमचा गोळा तीन आठवडे टिकला. एक मात्र सांभाळायचं. मीठ इतकं असतं की हा गोळा पोटात जाता कामा नये, आणि घरात कुत्रं असेल तर त्याच्यापासूनही लांब ठेवायचा. नातीनं एकदा जीभ लावली, तोंड वाकडं केलं आणि पुन्हा त्या वाटेला गेली नाही. तरी मी शेजारी बसूनच असतो.

शिवाय कागदी चिकटपट्टी. वीतभराचे तुकडे टेबलाच्या कडेला लावून ठेवतो. नात एकेक ओढून काढते, कागदावर लावते, पुन्हा काढते. या कामाला शेवट नाही आणि त्यातून दाखवण्यासारखी वस्तूही तयार होत नाही. परवा ती पाऊण तास त्यात रमली होती. किटमधल्या सिंहाला सहा मिनिटं मिळाली होती, आणि त्यातली पाच माझी.

एकूण पाचांपैकी दोन तारे, तेही खडू आणि कात्रीचे. पुन्हा मागवू नकोस, असं मुलीला सांगितलं आहे. सिंह भिंतीवर आहे. त्याला शेपूट नव्हती हे नातवाच्या चार दिवसांनी लक्षात आलं. त्यानं पिठाची वळून लावली. सकाळी ती खाली पडलेली होती. त्यानं आणखी जाड वळली, तीही पडली. सध्या तिसरी टेबलावर वाळत ठेवली आहे आणि तिला हात लावायची मला बंदी आहे.