ड्रॅगन बोटीचं लाकडी किट: बोट झकास, कील मात्र टायरवाल्याकडून

साडेअकरा हजार रुपये गेले आणि दोन महिने घरचं डायनिंग टेबल गेलं, आता लिहितोच. ड्रॅगन म्हणजे शर्यतीची शिडाची बोट, नॉर्वेच्या योहान आंकरने १९२९ साली डिझाइन केलेली, तिचं एकास बारा मापाचं किट ऑनलाइन मागवलं होतं. कंपनीचं नाव घेत नाही, कारण थोड्या शिव्या घालायच्यात.

आधी हीच बोट का ते सांगतो. वन डिझाइन क्लास आहे हा, सगळ्यांच्या बोटी एकाच मापाच्या, शिडं तेवढीच, वजनाचाही नियम, म्हणजे जिंकायचं ते डोक्याने, खिशाने नाही (निदान कागदावर तरी 😄). माझं आजोळ येवल्याचं, तिथे संक्रांतीला पतंग तोच आणि आसारी (मांजाची फिरकी) तीच असली तरी ज्याला वारा कळतो तोच काटतो, तसलाच प्रकार. १९४८ ते १९७२ ऑलिंपिकला होती ही बोट, १९६० ला ग्रीसच्या युवराज कॉन्स्टंटाइनने हिच्यावर गोल्ड मारलं, ऑलिंपिक रोमचं पण शर्यती नेपल्सच्या समुद्रात. १९७३ पासून फायबरच्याही चालतात, पण मला लाकडाचीच हवी होती.

किटमधल्या फासळ्या लेझरने कापलेल्या, एकदम टकाटक बसल्या. पट्ट्यांनी मात्र रडवलं. एप्रिलच्या नाशिकच्या उन्हात इतक्या कोरड्या पडल्या की वाकवायला गेलं की कट्! मग रात्रभर पाण्यात भिजवायच्या, सकाळी बसवायच्या आणि बायकोचे कपड्यांचे चिमटे लावून ठेवायच्या, बाल्कनीत ओले कपडे वाऱ्यावर उडतायत आणि चिमटे सगळे बोटीला, यावरून जे ऐकलं ते इथे लिहीत नाही. सोबत आलेला गोंद टाकून द्या, फेविकॉल मरीन घ्या. माहितीपुस्तकात चित्रं बरी आहेत, बाकी देवाची मर्जी.

आता खरी तक्रार. भाच्याला घेऊन गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला गेलो, बोट सोडली, वारा आला आणि बाईसाहेब आडव्या. सरळ केली, परत आडव्या. भाचा म्हणतो मामा ही झोपायचीच बोट आहे का. घरी येऊन हिशोब मांडला. खरी ड्रॅगन सुमारे १,७०० किलोची, लांबी ८.९ मीटर. लांबी बारापट कमी केली की वजन १२ गुणिले १२ गुणिले १२, म्हणजे १,७२८ पट कमी व्हायला हवं, म्हणजे मॉडेल साधारण १ किलोचं. आणि खऱ्या बोटीचं अर्ध्याहून जास्त वजन एकट्या कीलमध्ये, म्हणजे तळाखालच्या जड पात्यात असतं, खाली पाण्यात, म्हणून तर शिडात वारा भरला तरी ती वाकते पण पडत नाही. यांनी दिलेला लोखंडी तुकडा किती? १५० ग्रॅम! शोकेसमध्ये ठेवायला ठीक आहे, पण जाहिरातीत 'पाण्यात चालणारं' लिहिलंय ना भाऊ.

उपाय असा केला, नाशिकच्याच द्वारका चौकातल्या एका टायरवाल्याकडून व्हील बॅलन्सिंगची जुनी शिशाची वजनं मूठभर आणली (पैसे घेतले नाहीत, चहा पाजला) आणि सातपूरला फाउंड्रीत मित्र आहे त्याच्याकडून कीलच्या आकारात ओतून घेतली. घरी गॅसवर शिसं वितळवू नका, धूर विषारी असतो. भरलं ५५० ग्रॅम. जाड सुती शीड काढून शिंप्याकडून छत्रीच्या कापडाचं शिवून घेतलं, ते एकदम हलकं झालं.

पुढच्या रविवारी परत धरणावर. वारा भरला, बोट वाकली, कडेला पाणी लागतंय लागतंय म्हणेपर्यंत स्वतःच उठली आणि निघाली. इतकी निघाली की दोरी सुटली हातातून आणि मला पॅंट वर करून कमरेपर्यंत पाण्यात जावं लागलं, मोबाईल खिशातच होता.

लाकूडकामाला पाचपैकी चार, कीलला शून्य. जुन्या मोबाईलला तांदळाच्या डब्यात ठेवलंय, बघू.