हरत्या हंगामातील जायबंदी चढाईपटू आणि जळगावचे फिजिओथेरपी केंद्र

जळगावच्या रिंग रोड परिसरातील या फिजिओथेरपी केंद्रात आमच्या भुसावळच्या कबड्डी संघातील मुख्य चढाईपटूवर उपचार झाले. संघाचा व्यवस्थापक या नात्याने मी त्याच्यासोबत जात असे. साखळी स्पर्धेत आम्ही लागोपाठ हरलो होतो आणि बाद फेरीची आशा मावळली होती. तरीही उरलेल्या सामन्यांना प्रेक्षक येणार ते याच खेळाडूसाठी, त्यामुळे "भो, एवढी एक मॅच तर खेळव त्याला" असा धोशा वर्गणीदारांपासून त्याच्या मित्रांपर्यंत सर्वांनी लावला होता.

बोनस रेषेपलीकडे पाय टाकताना त्याच्या डाव्या मांडीमागचा स्नायू, म्हणजे हॅमस्ट्रिंग, दुखावला होता. त्याला चालताना त्रास नव्हता आणि हलके धावताही येत होते, म्हणून तो बरा झाला असे आम्ही धरून चाललो होतो. थेरपिस्ट मॅडमनी त्याला पालथे झोपवले, टाचेवर हाताचा दाब दिला आणि त्याविरुद्ध गुडघा वाकवायला सांगितले. उजव्या पायाने त्यांचा हात सहज मागे रेटला. डावा मात्र अर्ध्यावर थरथरून खाली आला. नंतर त्यांनी मलाही टाचेवर हात ठेवायला लावला, आणि पुढचा वाद तिथेच मिटला. घोटा पकडला गेल्यावर चढाईपटू मध्यरेषेकडे अंग झोकून देतो, तेव्हा याच स्नायूला पूर्ण ताणलेल्या अवस्थेत सगळा जोर लावावा लागतो, आणि घाईने मैदानात उतरल्यास ही दुखापत पहिल्या काही आठवड्यांतच उलटण्याची भीती असते, असे सांगून त्यांनी उरलेला हंगाम विश्रांतीचा सल्ला दिला.

हा सल्ला मला पटला. अमेरिकन फुटबॉलमध्ये संघाची बहुतेक चाल ज्याच्या हातून सुरू होते त्या क्वार्टरबॅकबाबत हाच पेच वारंवार पडतो. इंडियानापोलिस कोल्ट्सच्या अँड्र्यू लकचा खांदा २०१५ मध्ये दुखावला, तरी तो २०१६ चा हंगामही खेळला. अखेर जानेवारी २०१७ मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि २०१७ चा संपूर्ण हंगाम तो बाहेर बसला. त्या वर्षी संघाने १६ पैकी फक्त ४ सामने जिंकले, पण २०१८ मध्ये तो परतला तेव्हा १० जिंकून संघ प्लेऑफमध्ये पोहोचला. माझ्या मते त्याचे खरे नुकसान बाहेर बसलेल्या वर्षाने नव्हे, तर त्याआधी दुखऱ्या खांद्यानिशी खेळण्याने केले.

आमच्या खेळाडूचा हिशेब मात्र वेगळा होता. शासकीय नोकरीतील ५ टक्के क्रीडा आरक्षणाकडे त्याचे डोळे लागलेले, त्यामुळे बाहेर बसणे म्हणजे संधी दवडणे असे त्याला वाटत होते. वास्तविक या साखळीतील निकालाचा त्या आरक्षणासाठी काहीच उपयोग नव्हता. उपयोग होता तो पुढच्या निवड चाचणीचा, आणि त्या चाचणीला धडधाकट पाय लागणार होता. हे त्याला मॅडमनी समजावून सांगायला हवे होते, पण त्यांनी फक्त स्नायूचे सांगितले. बाकीचे मला परतीच्या एसटीत बोलावे लागले, आणि तो भुसावळ येईपर्यंत खिडकीबाहेरच पाहत होता.

व्यायाम नेमके व कष्टाचे होते. गुडघ्यांवर बसवून, जोडीदाराला घोटे धरायला लावून, शरीर सरळ ठेवत हळूहळू पुढे झुकण्याचा व्यायाम त्याच्या नावडीचा, पण त्यानेच सर्वाधिक फरक पडला. सरावात तो आता पूर्ण ताकदीने चढाई करतो.

तक्रारी दोन. दिलेल्या वेळेनंतरही बराच वेळ ताटकळावे लागते, आणि शुल्काचे पॅकेज आगाऊ भरायला सांगतात, जे गावाकडच्या खेळाडूंना जड जाते. आम्ही विनंती केल्यावर हप्ते करून मिळाले. व्यायामाचा कागद इंग्रजीत असतो, मागितल्यास मराठीत लिहून देतात. संध्याकाळी गर्दी फार, म्हणून बाहेरगावच्यांनी फोन करून सकाळची वेळ घ्यावी.