वेबसाइट माझ्या नावाची, पण माझ्या नावावर नाही

२९ ऑक्टोबर २०२४, धनत्रयोदशी. सकाळी साडेदहाला पुण्याच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. "वहिनी, तुमची वेबसाइट उघडत नाहीये. दोन किलो चटणी आणि भाकरीची चार पाकिटं हवी होती." मी माझ्या फोनवर बघितलं तर नुसतं पांढरं पान. घरात त्या वेळी सत्तर पार्सलं टेप लावून तयार होती, कुरिअरवाला दुपारी येणार होता. ज्याने वेबसाइट करून दिली होती त्याला फोन लावला. तो लागलाच नाही.

आम्ही सोलापूरचे. माझे मिस्टर चादरीच्या यंत्रमाग कारखान्यात होते. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला, माग थांबले आणि पगारही थांबला. सासूबाईंच्या हातची शेंगा चटणी आमच्या गल्लीत आधीपासून नावाजलेली. उखळात कुटलेली, तेल सुटलेली, मुठीत दाबली तर गोळा होणारी. सोबत मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीची कडक भाकरी. कुरिअर सुरू झाल्यावर आम्ही व्हॉट्सॲपवर ऑर्डरी घ्यायला लागलो. कडक भाकरी टिकते भरपूर, पण वाटेत मोडते. पहिल्या महिन्यात निम्मी पाकिटं चुरा होऊन पोचली. मग आठ-आठच्या थप्प्या, मध्ये कागद, खाली-वर पुठ्ठा, असं करत करत जमलं. २०२३ पर्यंत आठवड्याला चाळीस-पन्नास पार्सलं जायला लागली होती.

फसवणुकीची मला कल्पना नव्हती असं नाही. "मी लष्करात आहे, जवानांसाठी पन्नास किलो चटणी पाहिजे, पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा" असे फोन मलाही आले होते. पैसे घ्यायला ना स्कॅन करावं लागतं, ना पिन टाकावा लागतो, हे मला पक्कं माहीत होतं. एका फोनमध्ये खातं रिकामं करणाऱ्या चोरावर माझा डोळा होता. वेबसाइट करून देणारा हा माणूस मात्र चौदा महिने घरी येत-जात होता, सासूबाईंना आजी म्हणत होता आणि काम खरोखर चांगलं करत होता.

ऑगस्ट २०२३ मध्ये तो पहिल्यांदा आला. वेबसाइट, इन्स्टाग्रामचं पान, जाहिराती, सगळं मिळून पस्तीस हजार, तीन हप्त्यांत. "ताई, तुम्ही फक्त चटणी कुटा, बाकीची कटकट माझी." हे वाक्य मला तेव्हा फार बरं वाटलं. दिवसभर शेंगा भाजून, भाकरी थापून रात्री अकराला पत्ते लिहिणाऱ्या बाईला ते बरं वाटणारच. वेबसाइट कोणाच्या नावावर घेताय, एवढा एक प्रश्न मी विचारला असता तर पुढचं काही घडलं नसतं.

त्याने माझं आधार, पॅन, वीजबिल आणि बँकेचं पासबुक नेलं. अन्नपरवान्याचे साडेतीन हजार, जीएसटी नोंदणीचे पाच हजार, उद्यम म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचे अडीच हजार असे अकरा हजार वेगळे घेतले आणि "सरकारी फी" असं स्वतःच्या पावतीवर लिहून दिलं. पुढे कळलं की तेव्हा बारा लाखांच्या आतल्या वार्षिक उलाढालीला एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, साधी नोंदणी लागायची आणि तिची फी वर्षाला शंभर रुपये होती. जीएसटी नोंदणीला सरकार काहीच फी घेत नाही. उद्यम नोंदणीही मोफत आहे, आधार आणि पॅन असलं की सरकारच्या पोर्टलवर घरबसल्या होते. आम्ही राज्याबाहेर हैदराबाद, बंगळुरूला माल पाठवत होतो, त्यामुळे जीएसटी लागणारच होता. फॉर्म भरायची मजुरी त्याने मजुरी म्हणून मागितली असती तर मी खुशीने दिली असती. पण मजुरीला सरकारी फी म्हणणाऱ्या माणसाला मी तिथेच ओळखायला हवं होतं.

खरी मेख पैशांच्या वाटेत होती. वेबसाइटवर गिऱ्हाईक पैसे भरायचं ते पेमेंट खातं त्याच्या फर्मचं होतं. "तुमचं केवायसी अडकलंय, तोवर माझ्याकडून जाऊ दे, दर सोमवारी हिशेब करू." आणि तो हिशेब करायचा, तोही पैशापर्यंत चोख. चौदा महिन्यांत एक सोमवार चुकला नाही. म्हणून केवायसी अजून कसं झालं नाही, हे मी विचारायचंच सोडून दिलं.

ऑगस्ट २०२४ मध्ये त्याने "रिन्यूअल आणि मेंटेनन्स" म्हणून अठ्ठेचाळीस हजार मागितले. मी अठरा दिले आणि बाकीचे दिवाळीनंतर देते म्हणाले. तो हसून "चालेल ताई" म्हणाला. ७ ऑक्टोबरच्या सोमवारी शेवटचे पैसे आले. १४ तारखेला बँकेची अडचण होती, २१ला त्याच्या घरी कोणीतरी आजारी होतं. दिवाळीची ऐन गर्दी, आम्ही चौघं रात्रीचे तीन-तीन तास झोपत होतो, उधारीवर शेंगा आणून माल पाठवत होतो. २९ला वेबसाइट बंद झाली तेव्हा त्याच्याकडे आमचे १,३७,२६० रुपये अडकलेले होते. त्यातली शेंगांची उधारीच साठ हजारांच्या वर होती.

त्या रात्री भाच्याने वेबसाइटच्या पत्त्याची नोंदणी कोणाची आहे ते ऑनलाइन शोधून दाखवलं. मालकाच्या रकान्यात त्याच्या फर्मचं नाव. इन्स्टाग्रामचं पानही त्याच्याच बिझनेस खात्याखाली होतं, मला त्यावर फक्त फोटो टाकायची परवानगी. जाहिराती त्याच्या खात्यातून चालत, त्यामुळे कोणती जाहिरात कोणाला दिसली, कुठून ऑर्डर आली, ही सगळी माहितीही त्याच्याकडे. वर्षाला हजाराच्या आत मिळणारं ते डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता. त्यावर माझं आडनाव, माझ्या सासूबाईंचा फोटो, आणि माझं त्यात काहीच नाही.

भाऊबीज झाल्यावर दोन-तीन दिवसांनी वेबसाइट परत उघडली. तेच नाव, तेच फोटो, उखळावरचे सासूबाईंचे हातही तेच. फोन नंबर तेवढा दुसरा. आता तिथे दुसऱ्याच कोणाची चटणी विकली जात होती. नाशिकच्या एका बाईंनी पाकीट फोडून व्हिडिओ पाठवला. चमचा तिरका केला तर चटणी रव्यासारखी खाली सांडत होती, तेलाचा टिपूस नाही, मिक्सरमध्ये फिरवून मीठ-तिखट मारलेली. "असं कसं झालं हो तुमचं?" एवढंच त्यांनी विचारलं. सासूबाईंनी तो व्हिडिओ दोनदा बघितला, मग उठून आत गेल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. पैसे बुडाले त्यापेक्षा मला ते जास्त लागलं, अजून लागतं.

१९३० या सायबर हेल्पलाइनला मी फोन केला, केंद्राच्या सायबर तक्रार पोर्टलवरही तक्रार नोंदवली. पण तोवर पंधरा दिवस उलटून गेले होते. तिथे पहिला प्रश्न असतो पैसे कधी गेले, कारण तक्रार पहिल्या काही तासांत आली तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात. आमचे पैसे तर गिऱ्हाइकांनी स्वतःहून त्याच्या खात्यात भरलेले, आणि ते कधीच निघून गेलेले. व्यवहाराचा लेखी करारही नव्हता. होती ती पावती आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं. ते सगळं मी जपून ठेवलं आहे, तक्रारीला जोडलं आहे, पाठपुरावा चालू आहे.

सगळ्यात मोठी धास्ती जीएसटीची निघाली. आमच्या सीएंनी विचारलं, "ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो?" नोंदणीला मोबाइल आणि ईमेल दोन्ही त्याचे होते. म्हणजे माझ्या जीएसटी नंबरावर खोटी बिलं फाडली गेली असती तर नोटीस माझ्या दारात आली असती, आणि मला पोर्टल उघडूनही बघता आलं नसतं. आमच्या भागाच्या जीएसटी अधिकाऱ्यांकडे ओळखपत्र, नोंदणीचे कागद आणि अर्ज घेऊन गेले, तेव्हा मोबाइल आणि ईमेल बदलून मिळाले. खोटं बिल एकही निघालं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा मला नीट झोप लागली.

धंदा वाचला तो एका वहीमुळे. सासूबाईंना फोनवरचं वाचायला जमत नाही, म्हणून प्रत्येक ऑर्डर मी दोनशे पानी रजिस्टरमध्ये उतरवत आले: नाव, गाव, फोन, काय पाहिजे, तिखट कमी की जास्त. साडेअकराशे गिऱ्हाइकं त्यात होती. त्यांना एकेकाला फोन करून सगळं सांगितलं. दिवाळीनंतर त्या वेबसाइटवरून खराब माल मिळालेली एकतीस घरं सापडली, त्यांना आम्ही आमच्या खर्चाने चटणी पाठवली. नाशिकच्या बाईंना सगळ्यात आधी.

आता नवं डोमेन माझ्या नावावर आहे, माझ्या ईमेलने घेतलेलं, पैसे माझ्या खात्यातून भरलेले. पेमेंट खातं माझं, केवायसी माझं. कागद नीट असल्यामुळे ते चार दिवसांत झालं. वेबसाइट सांभाळणाऱ्या मुलीला कामापुरतं लॉगिन दिलं आहे, मालकी दिलेली नाही, आणि तिनेच ते तसं मागितलं. नावाच्या ट्रेडमार्कचा अर्जही केला, एकट्या व्यक्तीला ऑनलाइन एका वर्गासाठी साडेचार हजार रुपये सरकारी फी. हा अर्ज आधी केला असता तर त्या नावावरचा माझा हक्क सांगायला हातात कागद असता. ज्या बायका मला "आम्हालाही वेबसाइट करायची आहे" म्हणून फोन करतात, त्यांना मी आधी विचारते: डोमेनच्या बिलावर नाव कोणाचं आहे, गिऱ्हाइकाचे पैसे आधी कोणाच्या खात्यात पडतात, आणि ओटीपी कोणाच्या फोनवर येतो? तिन्ही उत्तरं आजच्या आज बघा म्हणते. पैसे वेळेवर येत असतील तरी बघा. माझे चौदा महिने वेळेवरच येत होते.

वेबसाइटच्या जुन्या पत्त्याची लेबलं दिवाळीसाठी म्हणून एकदम छापून घेतली होती, त्यातली चारेक हजार अजून कपाटात आहेत. फेकायला परवडत नाहीत. रात्री पार्सलं बांधून झाली की मिस्टर आणि मी बसतो, जुन्या पत्त्यावर नव्या पत्त्याची पट्टी चिकटवतो. सासूबाई शेजारी बसून प्रत्येक पट्टीवरून अंगठा फिरवतात, खालचं अक्षर दिसत नाही ना ते बघायला.