शुगरवाल्यांचं पाय आणि रक्तवाहिन्या चेकअप पॅकेज : तीन स्टार, तेही डॉक्टरांमुळे

बाबांना 16 वर्षं शुगर, आणि भाची 12 वर्षांची, तिला पाच वर्षं झाली टाइप 1 (शरीरात इन्सुलिनच बनत नाही ती शुगर) निघून, म्हणून म्हटलं दोघांचं एकाच दिवशी उरकू. पुण्यातलंच एक सेंटर, नाव मुद्दाम टाकत नाही कारण पुढे तक्रार आहे.

बाबांना आडवं झोपवून दोन्ही दंडांना आणि घोट्यांना बीपीचे पट्टे बांधले. घोट्याचं प्रेशर भागिले दंडाचं प्रेशर, बस एवढंच गणित, 0.9 च्या खाली आलं की पायाची शीर चोंदलीय असं धरतात. बाबांचं आलं 1.46. मशीनने कागदावर "नॉर्मल" छापलं आणि टेक्निशियन म्हणतो काका एकदम मस्त, निघा तुम्ही. बाबांनी तिथूनच आईला फोन लावला, "पाय पंचविशीतल्या पोरासारखे आहेत गं!"

मी अडून बसलो, डॉक्टरांना दाखवल्याशिवाय हलणार नाही म्हटलं. पाऊण तास बसवलं. मॅडमनी आकडा बघितला आणि लगेच बाबांना परत टेबलवर घेतलं. 1.4 च्या वर गेलं म्हणजे भारी रक्त पोचतंय असं नसतं म्हणे, शिरेच्या भिंतीत कॅल्शियम साठून ती इतकी कडक होते की पट्ट्याने दबतच नाही, म्हणून आकडा फुगतो, आणि जुन्या शुगरवाल्यांत हे नेहमी दिसतं. पायाच्या अंगठ्याच्या बारीक शिरा सहसा अशा कडक होत नाहीत, मग तिथे छोटुकला पट्टा बांधून मोजलं. 0.52. तिथे 0.7 च्या वर पाहिजे. आता कळलं बाबांच्या पोटऱ्या मंडईपर्यंत चालताना का भरून येतात, इतके दिवस वय झालं म्हणत होते.

भाचीला मात्र पट्टा फक्त दंडाला, बीपीपुरता. लहान वयात मोठ्या शिरा एवढ्यात बंद पडत नाहीत, आधी बारीक रक्तवाहिन्यांना लागतं, म्हणून डोळ्याच्या पडद्याचा फोटो आणि लघवीतलं अल्ब्युमिन, म्हणजे लघवीतून प्रोटीन जातंय का ते. टाइप 1 मध्ये काही वर्षं गेली की साधारण अकराव्या वर्षापासून हे सुरू करतात, टाइप 2 असेल तर मूल असो नाहीतर मोठा माणूस, निदान झाल्याझाल्याच, कारण ती आधी किती दिवस लपून होती कुणाला माहीत. पोरीचं दोन्ही ठीक आलं.

तिने हळूच विचारलं, आजोबांसारखं मला पण होणार का? मॅडमनी थाप मारली नाही हे आवडलं. अमेरिका-कॅनडात 1983 ते 1993 टाइप 1 च्या 1441 जणांवर झालेल्या अभ्यासाचं सांगितलं, आधी डोळे चांगले असलेल्यांपैकी ज्यांनी शुगर कडक सांभाळली त्यांच्यात पडदा बिघडायचं प्रमाण 76 टक्क्यांनी कमी. मग स्क्रीनवर तिच्याच पडद्याच्या लाल रेघा दाखवल्या, पोरगी म्हणते झाडाच्या मुळ्यांसारख्या दिसतात.

एक स्टार त्या "नॉर्मल"चा कापला, एक अंगठ्याच्या टेस्टचा, कारण ती पॅकेजमध्ये नाहीच, वेगळे पैसे घेतात, तर आधीच मागून घ्या. आणि स्कूटरवर जाऊ नका, डोळ्यात थेंब टाकले की दोन-चार तास सगळं धूसर दिसतं, आम्ही पोरीला माझी टोपी घालून रिक्षाने आणलं.